शब्द ओळीसकट उचला

शब्दसंग्रह वाढवायचं मनावर घेतलं की माणूस आधी यादी करायला बसतो. रोज एक नवा शब्द, समोर अर्थ. महिन्याच्या शेवटी यादी लांबलचक झालेली असते आणि बोलताना त्यातला एकही शब्द तोंडात येत नाही.

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. छापायला जाण्याआधी दुसऱ्यांचं लिखाण ओळीओळीनं वाचायचं, हा माझा धंदा. त्यात एक गोष्ट सारखी दिसायची. लिहिणाऱ्याला शब्द ठाऊक असतो, पण त्या शब्दाचे शेजारी ठाऊक नसतात. मग तो 'काळेकुट्ट केस' लिहितो. केस काळेभोर असतात, डोळेही काळेभोर. काळाकुट्ट असतो तो अंधार. ओठ लालचुटुक, पण साडीचा रंग अंगावर येत असेल तर ती लालभडक. ही ऊठबस अर्थ पाठ करून कळत नाही. चांगल्या लेखकांनी शब्द कुणाशेजारी बसवला, हे डोळ्यांखालून पुन्हापुन्हा गेलं तरच कळते. म्हणून माझी सगळी पद्धत एका वाक्यात मावते: शब्द एकटा उचलायचा नाही, ओळीसकट उचलायचा.

याला जुना शास्त्रीय आधारही आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाचं जनावर तो स्वतःच होता. त्यानं निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ केल्या आणि त्या किती वेळात विसरतात हे मोजलं. पहिल्याच दिवसात बराच भाग गळून जातो असं त्याला दिसलं. त्यानं बायरनच्या 'डॉन जुआन'मधली कडवीही पाठ करून पाहिली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक माळेला जे श्रम पडत, त्यांच्या साधारण एक दशांश श्रमांत कविता पाठ झाली. सुट्ट्या शब्दांची यादी त्या निरर्थक माळेच्याच जातीची असते. कवितेत मात्र अर्थ, लय आणि यमक तिघं मिळून शब्द धरून ठेवतात.

काय निवडायचं? माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकली. मराठी फडाफडा बोलते, पण लिहायला बसली की 'छान', 'मस्त' आणि 'खूप' यांच्यापलीकडे गाडी जात नाही. अशांना उत्साही लोक थेट ज्ञानेश्वरी हातात देतात. ते मला पटत नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिचं व्याकरणच वेगळं आहे. पहिल्या दहा ओव्यांत माणूस दमतो आणि आपल्याला मराठी येत नाही असा समज करून घेतो. सुरुवात करायची ती गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतल्या लेखनापासून. कवितेत केशवसुत, बालकवी, बहिणाबाई. कथेत आधी व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, अण्णा भाऊ साठे, मग जी. ए. कुलकर्णी; आणि हात बसला की मागे जाऊन हरिभाऊ आपट्यांच्या 'स्फुट गोष्टी'. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी भारतात प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, संपतो, त्यामुळे केशवसुत, बालकवी, हरिभाऊ यांचं लेखन पैसे न मोजताही वाचता येतं.

पुस्तक आपल्या आवाक्यातलं आहे का, हे पाहायला एक माप आहे. वाचनावर संशोधन करणारे सांगतात की मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अनोळखी शब्द. कथेला हे माप लावा. पानावर पंधरा-वीस शब्द अडत असतील तर ती कथा सध्या बाजूला ठेवा. कवितेला मात्र हे माप लावू नका. आठ ओळींत दहा शब्द अडले तरी बिघडत नाही, कारण कवितेत तुम्ही मुक्कामाला येता, कथेत प्रवासाला.

आता कविता प्रत्यक्ष कशी वाचायची ते सांगते. बालकवींची 'औदुंबर' घेऊ. आठच ओळी आहेत आणि शाळेत कधीतरी कानावरून गेलेली असते.

पहिल्या दिवशी ती फक्त मोठ्यानं वाचायची, तीनदा. कोश उघडायचा नाही. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं फिकी रेघ मारायची आणि पुढे जायचं. मोठ्यानं वाचण्यावर मी अडून बसते, कारण मनातल्या मनात वाचताना डोळा अनोळखी शब्दावरून घसरतो. जिभेला तो उच्चारावाच लागतो. शिवाय वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे झाली की लगेच खटकतं. कवीनं 'गर्दी'चं 'गरदी' का केलं, हे मोठ्यानं वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अंदाज. रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या बुद्धीनं लिहून काढायचा, चुकला तर चुकला. अंदाज बांधताना डोकं जे खटपट करतं त्यानंच शब्दाला पहिली पकड मिळते. या सरावाला बहिणाबाईंच्या ओळींसारखं दुसरं काही नाही. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. 'वढाय' माहीत नसलं तरी पुढे ढोर आहे, उभं पीक आहे, आणि लगेच पुढच्या ओळींत ते कितीही हाकललं तरी फिरून पिकावर येतं आहे. अर्थ ओळीनंच सांगून टाकला. मग लक्षात येतं की प्रमाण मराठीतला 'ओढाळ' तो हाच. इथे एक किल्लीही हाती लागते: बोलीत सुरुवातीचा 'ओ' पुष्कळदा 'व' होतो, 'ओढ'ची 'वढ' होते. ही किल्ली फिरवली की ग्रामीण कथांमधले कितीतरी शब्द कोशाशिवाय उघडतात.

तिसऱ्या दिवशी कोश. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते. आधी 'औदुंबर'मधून काय काय निघतं ते पाहा.

'ऐल' आणि 'पैल'. अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ. 'ऐलतीर', 'पैलतीर' हे त्यांचे जोडशब्द. ज्ञानेश्वरांच्या 'पैल तो गे काऊ कोकताहे' या विरहिणीत, म्हणजे विरहाच्या अभंगात, हाच 'पैल' बसलेला आहे, म्हणजे सातशे वर्षं हा शब्द नदीपार उभा आहे. आता 'अलीकडे-पलीकडे' सोडून एखादं वाक्य तुम्हाला करता येईल.

'बेट'. पाण्यानं वेढलेली जमीन, हे शाळेत शिकलो. पण बांबूचंही बेट असतं. दाट उगवलेल्या झुबक्याला तोच शब्द. झरा बेटाबेटांतून वाहतो म्हणजे कोणत्या बेटांतून, यावर दोन मिनिटं घालवा. उत्तर काहीही येवो, शब्दाचे दोन्ही अर्थ पक्के होतात.

'डोह'. याच्यावर मी भाचीला बराच वेळ अडवलं होतं. ती म्हणाली, डोह म्हणजे पाणी. बरोबर, पण कसलं पाणी? झरा वाहतो, ओहोळ वाहतो, ओढा वाहतो. डबकं साचतं आणि उथळ असतं. डोह मात्र प्रवाहातलीच खोल, संथ जागा; तळ दिसत नाही म्हणून काळा. कवितेतली पांढरी पायवाट त्या काळ्या डोहाकडे जाते तेव्हा अंगावर काटा येतो तो 'डोह' या शब्दामुळे. तिथे 'तळं' घालून पाहा. असा बदलून पाहण्याचा खेळ प्रत्येक कवितेत एकदा तरी खेळावा.

आणि 'काळिमा'. आज हा शब्द बदनामीपुरता उरलाय. घराण्याच्या नावाला काळिमा फासतात, एवढंच. बालकवींनी पाण्यावर पसरलेल्या सावलीला 'गोड काळिमा' म्हटलं. 'गोड'च्या शेजारी बसवल्याबरोबर शब्दाचा सगळा डाग धुऊन निघाला. कोशात 'काळेपणा' असा अर्थ सापडेल, पण हे शेजारपण सापडणार नाही. वहीत लिहायचं ते 'गोड काळिमा' असं जोडीनंच.

एवढं झालं की कविता पाठ करा. पाठांतराला नाक मुरडणारे बरेच आहेत, मुरडोत. आठ ओळी पाठ असल्या की त्यातले सगळे शब्द तुमच्याजवळ कायम राहतात, वही हरवली तरी. पाठ करताना शेवटच्या ओळीपासून उलटं येत जा, म्हणजे शेवट कच्चा राहत नाही.

एका कवितेतून निघालेल्या शब्दाचा गोतावळा जमवणं हा पुढचा भाग, आणि माझ्या आवडीचा. बालकवींच्याच 'श्रावणमासी'त 'शिरवे' येतं, पावसाची हलकी सर. तिथून निघा: सर, झड, भुरभुर, रिपरिप, संततधार, मुसळधार, वळीव. प्रत्येकाचा पाऊस वेगळा. वळीव मृगाच्या आधी गडगडाट करून येतो, रिपरिप कंटाळा आणते, झड दिवसचे दिवस उघडत नाही. अशा सात-आठ शब्दांची एक ओळ वहीत मांडली की एरवी सगळीकडे 'खूप पाऊस' लिहिणारा माणूस जरा थबकतो. रंगांचं, चालण्याचं, रागाचं असं एकेक गोत करता येतं.

आता कोश. इथे नवे वाचक हमखास अडकतात, आणि दोष त्यांचा नसतो. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ पासूनचे. त्याआधीच्या छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वारही लिहीत: 'गांव', 'नांव', 'पांढरी', 'जळांत', 'केलें'. 'एखादा'ऐवजी 'एकादा' दिसेल, 'कोणता'ऐवजी 'कोणचा'. हे वेगळे शब्द नाहीत, जुनी राहणी आहे. कोश त्या काळातले असल्यामुळे शब्दही त्याच वेशात शोधावा लागतो. 'झाकळणे' सापडलं नाही तर 'झांकळणें' शोधा. क्रियापदांच्या शेवटी 'णें' असतं. वर अनुस्वार देऊन आणि काढून, ऱ्हस्व-दीर्घ उलटं करून पाहा. एवढं केलं की 'कोशात नाही' म्हणून सोडून दिलेले निम्मे शब्द सापडतात.

कोश दोन वापरा. पहिला मोल्सवर्थचा, १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. अर्थ इंग्रजीत आहेत, म्हणून इंग्रजी माध्यमवाल्यांना तो उलट सोपा जातो. अर्थाच्या छटा सांगण्यात या साहेबाचा हात धरणारा विरळा. दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला आणि १९५० मध्ये पुरवणी खंड आला. याचं वैभव म्हणजे उदाहरणं. शब्द कोणत्या ग्रंथात कसा आलाय ते तिथल्या तिथे दिलेलं असतं: 'ज्ञा.' दिसलं की ज्ञानेश्वरी. कंसात 'व.' असेल तर वऱ्हाडी, 'गो.' म्हणजे गोमंतकी, 'राजा.' म्हणजे राजापुरी. शेवटी व्युत्पत्ती: 'सं.' संस्कृत, 'फा.' फारसी, 'का.' कानडी. ही अक्षरं न वाचता अर्थावर उडी मारू नका. बोलीतला शब्द आहे हे न पाहता तो सरकारी अर्जात घातला तर वाचणारा हसेल. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

अर्थ सापडला की तो जसाच्या तसा उतरवू नका. ओळीकडे परत जा, सापडलेल्या पाच अर्थांपैकी ओळीत कोणता बसतो ते ठरवा आणि तेवढाच लिहा. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या सुनीताच्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेच्या, पहिल्याच ओळीत 'काय पुससी' आहे. तिथे फडकं घेऊन पुसणं नाही, विचारणं आहे. 'विचारपूस' या रोजच्या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे, हे मग आपोआप ध्यानात येतं.

कथेकडे वळू. कथा थांबतथांबत वाचली की मरते. पहिलं वाचन सलग, केवळ गोष्ट म्हणून. शब्दासाठी कथा वाचणारा माणूस कथाही घालवतो आणि शब्दही. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि फक्त क्रियापदांवर नजर ठेवा.

क्रियापदंच का? कारण आजच्या मराठीची खरी झीज तिथे झालीये. सगळी कामं 'करणे' आणि 'होणे' यांच्या गळ्यात पडली आहेत. निरीक्षण करणे, प्रयत्न करणे, फील करणे, ट्राय करणे. जुन्या कथाकारांची पात्रं मात्र न्याहाळतात, निरखतात, डोकावतात. ती चालत नाहीत. रेंगाळतात, खुरडतात, ठेचकाळतात, लगबगीनं जातात. आणि 'म्हणाला' किती प्रकारांनी टळतो ते पाहा: पुटपुटला, खेकसला, कुजबुजला, डाफरला, फणकारली, बरळला, सुनावलं. एका कथेतून पाच क्रियापदं मिळाली तरी पुष्कळ. नामं कमी उचला. जुन्या अवजारांची, भांड्यांची, दागिन्यांची नावं ओळखता आली की बास. ती तुमच्या वापरात येणार नाहीत आणि वही मात्र त्यांनीच भरेल.

संवाद आणि निवेदन वेगळं धरा. माडगूळकरांच्या किंवा शंकर पाटलांच्या पात्रांची बोली त्या मातीतली असते; 'वाईच', 'बिगीबिगी' कानाला गोड लागतं, पण तिथं न वाढलेल्यानं ते आपल्या लिखाणात घालणं मला सोंग वाटतं. समजून घ्या, ऐका, भोगा. वापरायला घ्यायचे शब्द शक्यतो निवेदनातून घ्या. अण्णा भाऊंच्या 'स्मशानातील सोनं'सारख्या कथेत निवेदन इतकं धावतं की छोटी, टणक क्रियापदं एकामागून एक हाती लागतात. जीएंकडे मात्र घाई चालत नाही. त्यांच्या संग्रहांची नावंच आधी वाचा: 'पारवा', 'हिरवे रावे', 'रमलखुणा', 'पिंगळावेळ'. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या; पिंगळा म्हणजे पहाटे भविष्य सांगत फिरणारा, आणि एक छोटं घुबडही. त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'निळासावळा'. 'औदुंबर' पाठ केली असेल तर हा शब्द कुठे भेटला होता ते लगेच आठवेल. अशा भेटी वाचनात वाढत जातात, आणि शब्द खरे पक्के होतात ते या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत.

वही साधी ठेवा. एका शब्दाला चार ओळी: मूळ ओळ जशीच्या तशी, तिथला अर्थ, शब्दाचे शेजारी, आणि स्वतःचं एक वाक्य. स्वतःचं वाक्य आपल्या खऱ्या आयुष्यातलं हवं. 'राजा डोहात बुडाला' असलं बनावट वाक्य लिहून उपयोग नाही. भाचीनं लिहिलं होतं, 'बॉस दिवसभर डाफरत होता.' तो शब्द ती जन्मात विसरणार नाही.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. नुसतं वाचून जाऊ नका. शब्दावर बोट ठेवून ओळ आठवा. ओळ आठवली तर अर्थ विचारायची गरज पडत नाही. यापेक्षा गुंतागुंतीची व्यवस्था लागत नाही, अॅप असलं काय आणि नसलं काय.

वापरताना हात आखडता घ्या. नवा शब्द शिकलेल्याला तो सगळीकडे दिसू लागतो आणि ऑफिसच्या पत्रात 'शिरवे' पडू लागतात. एका परिच्छेदात नवा शब्द एकच. सर्वात सुरक्षित सराव म्हणजे आपलंच जुनं लिखाण दुरुस्त करणं: एखादा जुना मेल किंवा डायरीचं पान घ्या, त्यातला प्रत्येक 'खूप' आणि प्रत्येक 'करणे' अधोरेखित करा, आणि वहीतल्या शब्दांनी किती बदलता येतात ते पाहा. सगळे बदलणार नाहीत, बदलूही नयेत. बदललेलं वाक्य मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर जुनंच ठेवा. जो शब्द असा तीन वेगवेगळ्या ठिकाणी न अडखळता बसला, त्याच्यावर बरोबरची खूण करा आणि उजळणीतून काढून टाका.